हत्तीचं बारसं

सातवीतल्या मुलाचा गृहपाठ मुलानेच करायचा असतो, हे पालकसभेत दर वर्षी सांगितलं जातं आणि आम्ही सगळे पालक माना डोलावतो. मग रात्री साडेदहाला त्याच सभेतले निम्मे पालक पुठ्ठ्याचा ज्वालामुखी रंगवत बसलेले असतात आणि ज्याच्या मार्कांसाठी हा ज्वालामुखी धुमसतोय तो केव्हाच झोपलेला असतो. आमच्याकडे ज्वालामुखी एकदाचा शांत झाला होता. त्यानंतर आलं हत्तीचं पिल्लू.

ते आलं इंग्रजीच्या वर्कबुकातून. ‘रेझिंग अ बेबी एलिफंट’ नावाचा छोटा उतारा होता. एक माहूत, त्याची बायको, आई गेलेलं हत्तीचं पिल्लू आणि दुधाची बाटली. खाली प्रश्न पहिला: पुढील वाक्यांच्या जोड्या हू, विच, दॅट, हूज, हूम यांपैकी योग्य शब्द घालून जोडा. प्रश्न दुसरा: तुम्हाला हत्तीचं पिल्लू सांभाळायला मिळालं तर काय कराल? दहा वाक्यं लिहा. प्रत्येक वाक्यात एक रिलेटिव्ह प्रोनाउन हवं. आणि बाजूच्या निळ्या चौकटीत नियम: माणसांसाठी हू, प्राणी व वस्तूंसाठी विच.

“आई, माहूत हू, बाटली विच. आणि पिल्लू?”

“विच. चौकटीत लिहिलंय ना.”

“म्हणजे पिल्लू आणि बाटली सारखेच?”

या प्रश्नाला मी प्रत्येक आई देते तेच उत्तर दिलं. “बाबांना विचार.”

बाबा बँकेत आहेत. रोज इंग्रजीत पत्रव्यवहार करतात. म्हणजे ‘विथ रेफरन्स टू द अबोव्ह’ एवढं स्वतः लिहितात आणि पुढचं मागच्या पत्रातून चिकटवतात. त्यांचा सिद्धान्त असा, की जे इंग्रजीत समजत नाही ते मराठीत मोठ्या आवाजात सांगितलं की समजतं.

“संबंधी सर्वनाम! जो, जी, जे! झालं! ‘जो माणूस पिल्लाला दूध पाजतो, तो माणूस माहूत आहे.’ काय अवघड आहे?”

असं मराठी बोलणारा माणूस मी आजवर फक्त प्रतिज्ञापत्रात पाहिलाय. ‘पिल्लाला दूध पाजणारा माहूत’ म्हणून आपण मोकळे होतो. इंग्रजांना तसं मोकळं होता येत नाही. त्यांना आधी माहूत उभा करावा लागतो, मग त्याच्या मागे हू उभा करावा लागतो आणि त्याच्या मागे दूध, पिल्लू आणि बाटली अशी रांग लावावी लागते. तोवर दूध गार होतं.

आरडाओरडा ऐकून सासूबाई बाहेर आल्या. सासूबाई सावंतवाडीच्या, त्यांचा भाऊ दोडामार्गात. कर्नाटकातले रानटी हत्ती २००२ साली दोडामार्ग तालुक्यात उतरले, तेव्हापासून सासूबाईंचं आणि समस्त हत्तीजमातीचं उघड वैर आहे. भावाचे माड, पोफळी, केळी, सगळ्यांचा फडशा एकेका रात्रीत पडलेला.

“कुणाला काय म्हणायचं म्हणतोस रे?”

“आजी, हत्तीच्या पिल्लाला हू म्हणायचं की विच?”

“हू नको नि विच नको. मेले म्हण.”

“मेले म्हणजे एकवचन की अनेकवचन?”

“एकटा आला तरी अनेकवचनच. बागेत येऊन बघ.”

“आई, व्याकरणाचा प्रश्न आहे,” नवरा म्हणाला.

“माका काय शिकवतंस?” सासूबाई कडाडल्या. रागावल्या की डोंबिवलीची पंचवीस वर्षं गळून पडतात आणि खाली अस्सल मालवणी निघते.

शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या सरांना बोलावलं. सर निवृत्त इंग्रजी शिक्षक. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेली ही शेवटची पिढी. ते बोलतात तेव्हा स्वल्पविराम ऐकू येतात. आमच्या वेळी हू की चू न करता नियम पाठ करायचे, असं सांगत ते खुर्चीत बसले. चहा घेतला आणि सरळ हूमवर आले.

“वहिनी, ‘हूम’ मरत चाललंय. लोक सर्रास ‘हू’ वापरतात. ‘द माहूत हूम द काफ लव्हज’. कर्म आहे ते, कर्म!”

“होम?” सासूबाईंनी कान टवकारले. “हत्तीच्या शांतीसाठी होम घालतात का? मग भावाला कळवते.”

सरांनी या ज्ञानाला बगल दिली आणि हूजकडे वळले. हूजचं मात्र मला मनापासून कौतुक वाटलं. माणूस असो, हत्ती असो की छप्पर उडालेलं घर असो, सगळ्यांना एकच हूज. ज्याचं त्याचं, जिचं तिचं, कसलाही भेदभाव नाही. मालकी हक्काची वेळ आली की इंग्रज सर्वांना समान मानतो, याची इतिहासात नोंद असायला हवी.

नवऱ्याला इतका वेळ कुठला? “सरसकट दॅट टाक,” त्याने निकाल दिला. “माणसाला दॅट, पिल्लाला दॅट, बाटलीला दॅट. चालतं.”

“स्वल्पविरामानंतर दॅट चालत नाही,” सर म्हणाले.

“मग स्वल्पविराम काढू.”

“अहो, काढलात तर अर्थ बदलतो! समजा, वहिनींच्या सासूबाईंनी लिहिलं, ‘माय सन, हू वर्क्स इन अ बँक’. इथे स्वल्पविराम आहे, म्हणजे मुलगा एकच, तो बँकेत आहे. आता स्वल्पविराम काढा. अर्थ होतो, मुलगे बरेच आहेत, त्यातला बँकेत असलेला तो हा.”

सासूबाईंनी क्षणभर विचार केला. “मग बाकीचे कुठायत? त्यांच्यातल्या एखाद्याला बोलवा. त्याला येत असेल.”

सरांच्या तोंडून पुढे अनवधानाने एक वाक्य निसटलं आणि त्याने आमचा पुरता घात केला. ते म्हणाले, वाक्यात हे सर्वनाम कर्म असेल तर इंग्रजीत ते गाळलं तरी चालतं. ‘द मिल्क द काफ ड्रँक’. मध्ये दॅट नाही, विच नाही, तरी वाक्य शुद्ध. चिरंजीवांचे डोळे लकाकले. पाच मिनिटांत त्यांनी प्रश्न पहिला पूर्ण करून वही पुढे केली. सगळ्या जागा रिकाम्या होत्या.

“अरे, लिहिलं कुठे काही?”

“गाळलंय. चालतं. सरांनी सांगितलं.”

सर पाणी मागून घेऊन प्यायले.

अशा प्रसंगी बँकेत जे करतात ते नवऱ्याने केलं, म्हणजे निर्णय पुढे ढकलून अभ्यास समिती नेमली. “आधी विषय समजून घेऊ,” म्हणत त्याने टीव्हीवर ‘द एलिफंट व्हिस्परर्स’ लावला. कार्तिकी गोन्साल्विस यांचा हा माहितीपट, चाळीसेक मिनिटांचा, २०२३ साली ऑस्कर मिळवलेला. तमिळनाडूत मुदुमलईच्या जंगलात थेप्पकाडू नावाचा हत्ती कॅम्प आहे. तिथे बोम्मन आणि बेल्ली हे कट्टुनायकन जमातीचं जोडपं. रघू नावाच्या पिल्लाची आई विजेच्या धक्क्याने गेली आणि वनखात्याने ते पिल्लू आणून यांच्या ओटीत घातलं. मागाहून अम्मू नावाची मुलगीही आली. बोम्मन आणि बेल्लीने त्यांना आंघोळी घातल्या, बाटलीने दूध पाजलं, रागावले, लाडही केले. पुढे बेल्लीबाईंना तमिळनाडू सरकारने रीतसर कावडी, म्हणजे माहुताची मदतनीस, म्हणून नेमलं. तिथल्या त्या पहिल्याच बाई. इतकी वर्षं पिल्लाचं सगळं करायचं आणि मग सरकारने ‘मदतनीस’ म्हणायचं, हे ऐकून मी नवऱ्याकडे पाहिलं. तो उपशीर्षकं वाचण्यात गर्क होता.

थेप्पकाडूला मोठ्या हत्तींच्या खुराकात नाचणी आणि शिजवलेले कुळीथ असतात, त्यांचे मोठमोठे गोळे करून तोंडात भरवतात, हे कळल्यावर सासूबाई पुढे सरकून बसल्या.

“कुळीथ खातात? नाचणीबरोबर? मग हे आमच्यातलेच.”

आणि रघू थोडा मोठा झाल्यावर वनखात्याने त्याला दुसऱ्या माहुताच्या हवाली केला, तेव्हा त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

“बदली? एवढ्याशा पोराची? सरकारला काही मन आहे की नाही?”

“आई, मघाशी मेले म्हणत होतात.”

“ते दोडामार्गातले. हा रघू वेगळा.”

अभ्यास समितीने मग प्रश्न दुसरा हाती घेतला. पिल्लू आपल्याकडे आलं तर काय कराल? नवरा अशा गोष्टी कल्पनेवर सोडत नाही. त्याने कागद घेतला, दोन रकाने आखले आणि अंदाजपत्रक मांडलं.

जन्मतः वजन साधारण १०० किलो. उंची ९० सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे आमच्या जेवणाच्या टेबलाखाली मावणार नाही, टेबल घेऊन फिरेल. आमच्या लिफ्टमध्ये पितळी पाटी आहे: ‘६ माणसे, ४०८ किलो’. भागाकार केला की माणूस होतो ६८ किलोचा आणि पिल्लू होतं दीड माणूस. “पाहा,” मी म्हटलं, “वर्कबुकाने त्याला माणसात घेतलं नाही, पण लिफ्टने दीडपट घेतलं.”

दूध दिवसाला दहा-बारा लिटर. पण गाईचं चालत नाही, ते पिल्लाला पचत नाही. केनियात डॅफ्नी शेल्ड्रिक या बाईंनी अनाथ पिल्लांसाठी योग्य दूध शोधण्यात वर्षानुवर्षं घालवली. हे घालून पाहा, ते घालून पाहा, पिल्लं काही तगेनात. शेवटी गुण आला तो दुधात खोबरेल तेल घातल्यावर. हे वाचून दाखवताच सासूबाईंनी कपाळावर हात मारला.

“वर्षानुवर्षं? अगो, आमच्याकडे कुणाला तरी विचारायचं! काही पचत नसेल तर नारळ घाला. काही चवीला कमी असेल तर नारळ घाला. यात शोध कसला?”

“आई, हेच नारळ तुमच्या भावाचे खाल्ले म्हणून—”

“त्या मेल्यांना कळलं होतं, त्या बाईला उशिरा कळलं.”

हे दूध द्यायचं दर तीन तासांनी, रात्रीसुद्धा. शेल्ड्रिकबाईंच्या नवऱ्याच्या स्मरणार्थ १९७७ साली निघालेला ट्रस्ट नैरोबीत अशी पिल्लं सांभाळतो. तिथे रात्री प्रत्येक लहान पिल्लासोबत एक राखणदार त्याच खोलीत झोपतो. आडोशाला एक घोंगडी टांगतात, म्हणजे आईच्या पोटाला टेकल्यासारखं सोंड टेकवून पिल्लू दूध पितं. राखणदारांच्या पाळ्या मुद्दाम बदलतात. कारण एकाच माणसाचा लळा लागला आणि तो रजेवर गेला, की पिल्लू अन्नपाणी सोडतं.

“पाळ्या बदलायच्या हे उत्तम आहे,” मी म्हटलं. “ही पद्धत आपल्याकडे बारा वर्षांपूर्वी हवी होती.”

“मी उठायचो ना,” नवरा म्हणाला.

“उठायचास. उठून मला उठवायचास. ‘अगं, ते रडतंय,’ म्हणून.”

सरांनी मान वर केली. “ते म्हणायचे? म्हणजे विच?”

सोंडेचा मुद्दा चिरंजीवांनी लिहायला घेतला. सोंडेत हजारो स्नायू असतात, पण जन्मलेल्या पिल्लाला त्यातल्या एकाचाही उपयोग माहीत नसतो. पहिले काही महिने, पहिल्यांदाच नऊवारी नेसलेल्या मुलीला आपला पदर सावरत नाही, तशी त्याला सोंड सावरत नाही. ती पायात येते, तिच्यावर पाय पडतो, धडपडतं. कंटाळा आला की तीच तोंडात घालून चोखत बसतं. दूधही सोंडेने नाही, तोंडानेच पितं. आणि थोडं मोठं झालं की आईचं शेण खातं. पाला पचवायला पोटात जे जिवाणू लागतात, ते त्याला तिथून मिळतात.

आपल्याकडे शेण खाल्लं हा आरोप असतो, तिथे तो आहार आहे. मी संधी साधली.

“बघ. ते पिल्लू एवढं खातं, तक्रार नाही. आणि तुला दोडका नको.”

“आई, तुझ्या दोडक्यात जिवाणू आहेत का?”

या प्रश्नालाही उत्तर एकच होतं, पण बाबा तोवर गॅलरीत जाऊन फोनवर बोलत होते. अंदाजपत्रकात त्यांना दुधाचा खरा भाव हवा होता, म्हणून त्यांनी दूधवाल्याला फोन लावला होता. “रोजचे बारा लिटर जादा… नाही, नाही, माणसांसाठी नाही… अहो, वाढवून लागेल, हत्तीचं पिल्लू आहे.”

खालच्या गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या काकूंनी एवढंच ऐकलं. बाकीचं त्यांनी स्वतः रचलं. अर्ध्या तासात सोसायटीच्या ग्रुपवर संदेश आला: ‘सर्व सभासदांना सूचित करण्यात येते की काही सभासद परस्पर हत्ती आणत आहेत.’ ‘काही सभासद’ म्हणजे कोण हे सर्वांना कळावं, म्हणून खाली आमचा फ्लॅट नंबर होता.

मग उत्तरांची रीघ लागली. एकांनी विचारलं, टँकरच्या पाण्यात हत्तीचा वाटा कसा धरणार? एकांनी विचारलं, गणपतीत मिरवणुकीला देणार का, देणार असाल तर आमचं काही म्हणणं नाही. एका सदस्याने नेहमीप्रमाणे गुड मॉर्निंगचं फूल पाठवलं. वॉचमनने इंटरकॉम केला: “मॅडम, गाडीतून येणार का चालत? चालत असेल तर व्हिजिटरच्या वहीत नोंद लागेल.”

संध्याकाळी सेक्रेटरी स्वतः आले. हातात फाइल. “तुम्हाला कल्पना नसेल, म्हणून सांगतो. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. हत्ती पहिल्या अनुसूचीत. असा घरी आणून ठेवता येत नाही. वनखात्याची परवानगी लागते.” एवढं बोलून त्यांनी चष्मा काढला. “आणि त्याच्याही आधी आमची एनओसी.”

“अहो, तो वर्कबुकात आहे,” मी म्हटलं.

“कुठेही असू दे. मेंटेनन्स भरला नसेल तर एनओसी मिळणार नाही.”

हू, विच आणि दॅट यांचा गुंता तसाच होता आणि वही सकाळी द्यायची होती. तेव्हा इतका वेळ गप्प असलेल्या सरांनी हुकमी पान टाकलं. असोसिएटेड प्रेस ही अमेरिकेची जुनी वृत्तसंस्था. तिच्या शैलीपुस्तकात म्हणे चोख नियम आहे: प्राण्याला नाव असेल तर हू. नाव नसेल तर हू नाही.

घरात शांतता पसरली. ती सासूबाईंनी मोडली.

“म्हणजे बारसं झालं की माणसात आला. यात त्या लोकांनी नवीन काय सांगितलं? आपल्याकडेही बाराव्या दिवसापर्यंत ते बाळ, मग तो गोविंद.”

माझ्या मनात मघाचं ‘हा रघू वेगळा’ वाजलं. बागेत शिरलेल्या बिननावाच्या हत्तींना सासूबाई वीस वर्षं मेले म्हणत होत्या. नाव कळलेल्या पहिल्याच हत्तीसाठी त्यांनी डोळ्यांना पदर लावला. असोसिएटेड प्रेसचं शैलीपुस्तक त्यांनी वाचलेलं नव्हतं, पण त्याचा अंमल मात्र अगदी काटेकोर केला होता.

तेव्हा पिल्लाचं बारसं करायचं ठरलं. आत्याने कानात नाव सांगायचं असतं, म्हणून नणंदेला व्हिडिओ कॉल लावला.

“कुणाचं बारसं?”

“हत्तीचं.”

“आत्ता? मी कुकर लावलाय.”

नावांवरून जे झालं ते कुठल्याही मराठी घरात होतं तेच झालं. गजानन म्हटलं तर देवाचं नाव, ओरडताना जड जाईल. ऐरावत म्हटलं तर पिल्लाला पेलायला हवं. चिरंजीवांना थॉर हवं होतं. सर म्हणाले, नाव असं असावं की इंग्रजी स्पेलिंगमध्ये चूक होणार नाही. नणंदेने जन्मनक्षत्र विचारलं. ते वर्कबुकात नव्हतं. मग तिसरी शिट्टी झाली आणि तिला गॅस बंद करायचा होता, म्हणून तिने फोनवरच कुर्रर्र केलं आणि जे तोंडात आलं ते सांगितलं. बंडू.

बंडू म्हटल्याबरोबर सगळं सुरळीत झालं. ‘बंडू, हू ड्रिंक्स ट्वेल्व्ह लिटर्स ऑफ मिल्क’. ‘बंडू, हूज ट्रंक इज ऑल्वेज अंडर हिज फीट’. ‘बंडू, हूम ग्रँडमदर लव्हज’. सर हूमवर टाळी वाजवून म्हणाले, आता ते आणखी एक पिढी जगेल. दहा वाक्यं कधी झाली कळलंच नाही. सासूबाईंनी घुगऱ्यांसाठी हरभऱ्याचा डबा काढला, पण हरभरे भिजवलेले नव्हते. त्यावरून पुन्हा मला ऐकून घ्यावं लागलं. हत्तीणबाई बावीस महिने पोट सांभाळतात, हे मी त्यांना मुद्दामच सांगितलं नाही. बावीस महिन्यांचे डोहाळे आणि त्यावरचे सल्ले हा विषय सुरू झाला असता, तर वही कुणीच दिली नसती.

वही परत आली तेव्हा प्रत्येक हूभोवती लाल गोल होता आणि समासात लिहिलं होतं: ‘अ‍ॅनिमल्स – विच’. शेवटी, सगळ्यात खाली, बाईंनी ठळक अक्षरांत विचारलं होतं, ‘हू इज बंडू?’

सरांनी ते वाचलं, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. “पाहिलंत, वहिनी? त्यांनीसुद्धा हूच लिहिलं.”

प्रश्नार्थक हू आणि संबंधी हू वेगळे असतात, हे सरांना चांगलं ठाऊक होतं. पण बारशाला आलेला माणूस असे बारकावे काढत नाही.

माझं मत आता पक्कं झालंय. वर्कबुकातली ती निळी चौकट लिहिणाऱ्याने पिल्लाला फक्त चित्रात पाहिलंय. ज्याने रात्री तीनला उठून बाटली गरम केली, त्याला विच लिहिता येणारच नाही, मग तो नैरोबीतल्या घोंगडीशेजारी झोपणारा राखणदार असो, थेप्पकाडूच्या बेल्लीबाई असोत की डोंबिवलीतली कुणी आई. तेव्हा पालकहो, परीक्षेत विच लिहायला सांगा, कारण पेपर तपासणाऱ्यांनी हत्ती पाळलेला नसतो. घरात मात्र ज्याच्यासाठी झोपमोड होते त्याला हू म्हणा, सोंड असो वा नसो. आणि बारसं करणार असाल, तर हरभरे आदल्या रात्री भिजत घाला.